मृग लागायच्या आत: बुलढाणा जिल्ह्यातल्या पशुपालकांना तातडीचं आवाहन

घाटावरचे आणि घाटाखालचे, चिखली-मेहकरचे आणि जळगाव जामोद-संग्रामपूरचे, दहा म्हशींचा गोठा सांभाळणारे आणि दारात एकच शेळी बांधणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागतं. घटसर्पाची लस टोचल्यावर जनावराच्या अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती यायला दोन ते तीन आठवडे जातात. आज मे महिना अर्धा सरला आहे. हिशेब तुम्हीच करा.

या आठवड्यात लस टोचली तर पहिल्या पावसाला जनावर तयार असेल. पाऊस पडला, शेजारच्या गोठ्यात म्हैस गेल्याची बातमी आली आणि मग दवाखान्याकडे धावलो, तर लस आणि रोग यांची शर्यत लागते. त्या शर्यतीत बहुतेक वेळा रोगच पुढे असतो.

माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. गाय, बैल, म्हैस यांना घटसर्पाची लस मृगाआधी टोचून घ्या. आणि आजारी जनावराचं तोंड वर करून बांबूच्या नळीने किंवा बाटलीने घशात काहीबाही ओतणं आजपासून बंद करा. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. पण आहे, आणि तो जनावराच्या घशात आहे. तो घसा आणि त्याच्या खालचं फुफ्फुस एकदा नीट समजून घ्या, म्हणजे एवढी घाई कशासाठी ते पटेल.

गाय श्वास घेते तो नाकाने. नाकपुडीच्या आत सरळ मोकळी पोकळी नसते. तिथे पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात आणि त्यांच्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेलं ओलं अस्तर. हवा या गुंडाळ्यांतून वळणं घेत आत जाते. तेवढ्या वाटेत ती अंगाइतकी ऊबदार होते, ओलावते आणि तिच्यातली बरीचशी धूळ अस्तराला चिकटून मागे राहते. पौषातली घाटावरची बोचरी थंडी असो की वैशाखातलं मलकापूर-नांदुऱ्याचं ऊन, फुफ्फुसापर्यंत पोहोचणारी हवा जवळपास एकसारखीच असते, ती या नाकाच्या कृपेने. गोठ्यात आजारी जनावर शोधायचं तर आधी नाक बघा, असं जुने जाणते सांगतात ते उगीच नाही.

नाकाच्या मागे घसा लागतो आणि खरी अडचण इथे आहे. उभ्या जनावरात हवेची वाट नाकातून, म्हणजे वरच्या अंगाने घशात उतरते. तिला जायचं असतं खालच्या अंगाला असलेल्या श्वासनलिकेत. चाऱ्याची वाट तोंडातून, खालच्या अंगाने येते आणि तिला जायचं असतं वरच्या अंगाच्या अन्ननलिकेत. म्हणजे दोन्ही वाटा एकमेकींना कापूनच पुढे जातात. घशातल्या या चौफुलीवर वाहतूक सांभाळायला कूर्चेचं एक लवचिक झाकण आहे, त्याला कंठच्छद म्हणतात. जनावर घास गिळतं तेव्हा जीभ मागे रेटली जाते, स्वरयंत्र पुढे-वर सरकतं, झाकण श्वासनलिकेच्या तोंडावर येतं, श्वास क्षणभर थांबतो आणि घास वरून अन्ननलिकेत जातो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. पण त्याला एक अट आहे. जीभ मोकळी हवी आणि डोकं आपल्या नेहमीच्या उंचीवर हवं.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या घशाला तर उसंतच नसते. गाय दिवसातले सात-आठ तास रवंथ करते. प्रत्येक घास या चौफुलीवरून वर येतो, चावला जातो आणि पुन्हा खाली जातो. ढेकरेबरोबर पोटातला वायू वर येतो आणि त्यातला काही भाग श्वासनलिकेतून फुफ्फुसातही जातो. उग्र वासाचा पाला खाल्लेल्या गाईच्या दुधाला तो वास येतो, त्याची एक वाट फुफ्फुसातून रक्तात आणि रक्तातून कासेत, अशी आहे. धार काढणाऱ्या बाईला हा वास ओळखता येतो, त्याची वाट मात्र सहसा कुणी तिला सांगितलेली नसते.

श्वासनलिका मोठ्या गाईत दोन फुटांच्या आसपास लांब असते. कूर्चेच्या पन्नासेक अर्धवट कड्यांनी ती सदैव उघडी धरलेली असते. आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केस असतात आणि ते चिकट बेडक्याचा थर, त्यात अडकलेल्या धुळीसकट, सतत घशाकडे ढकलत राहतात. छातीत गेल्यावर नळीला दोन फाटे फुटतात, एक डाव्या फुफ्फुसाला, एक उजव्या. पण गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि डुक्कर यांच्यात हे दोन फाटे फुटायच्या आधीच उजव्या अंगाला एक जादा फाटा निघतो आणि थेट उजव्या फुफ्फुसाच्या पुढच्या खंडात जातो. घोड्यात तो नाही, कुत्र्यात नाही. चुकून श्वासनलिकेत उतरलेलं पाणी, तेल, औषध या पहिल्या फाट्यातून आधी उजव्या फुफ्फुसाच्या त्या पुढच्या खंडात जाऊन साचतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता फुफ्फुस. गाईचं फुफ्फुस तिच्या अंगाच्या मानाने लहान आहे. तेवढ्याच वजनाच्या घोड्याशी तुलना केली तर गाय श्वासाच्या बाबतीत गरीबच म्हणावी लागेल. शिवाय तिच्या फुफ्फुसाचे छोटे छोटे कप्पे जाड पडद्यांनी एकमेकांपासून तोडलेले असतात. कुत्र्याच्या फुफ्फुसात एखादी बारीक नळी तुंबली तर शेजारच्या भागातून तिथे हवा शिरू शकते. गाईत ती सोय जवळजवळ नाही. नळी तुंबली की तिच्या पुढचा कप्पा गेला. धावपळीच्या जनावराला निसर्गाने श्वासाची जी जादा शिल्लक दिली ती चरून रवंथ करणाऱ्याला दिली नाही. त्यामुळे फुफ्फुसाचा थोडा भाग जरी निकामी झाला तरी गाय-म्हैस लवकर खचते. आणि फुफ्फुसाच्या मागे, पातळशा श्वासपटलाच्या पलीकडे, शंभर लिटरहून मोठं पहिलं पोट टेकलेलं असतंच. ते फुगलं की श्वासपटल पुढे रेटलं जातं आणि आधीच कमी असलेली जागा आणखी कमी होते.

या घशावर, या फुफ्फुसावर घटसर्प हल्ला करतो.

घटसर्पाचा जंतू पाश्चुरेला मल्टोसिडा बाहेरूनच येतो असं नाही. अंगाने धडधाकट दिसणाऱ्या काही जनावरांच्या घशातल्या गाठींत तो मुक्कामाला असतो आणि गप्प बसलेला असतो. उन्हाळाभर नुसत्या कुटारावर काढलेले दिवस, अंगातली उतरलेली ताकद, पेरणीच्या तोंडावरची वखरणी, बाजारातून पिकअपमध्ये उभं राहून केलेला प्रवास आणि मग पहिल्या पावसात रात्रभर भिजणं, एवढं सगळं एकत्र आलं की तो उसळतो. मग लाळेतून, नाकाच्या पाण्यातून, ओल्या गव्हाणीतून, एकाच हौदातल्या पाण्यातून तो बाकीच्यांकडे जातो. ओल्या मातीत तो काही काळ टिकतो, म्हणून पूर्णा, नळगंगा, ज्ञानगंगा, खडकपूर्णा यांच्या काठच्या सखल, पाणथळ शिवारांना त्याचा धोका अधिक.

लक्षणं पाठच करा. जनावर एकाएकी खाणं सोडतं, दुधाची म्हैस संध्याकाळच्या धारेला निम्म्यावर येते. ताप १०४ ते १०७ अंश फॅरनहाइट. तोंडातून लाळेच्या तारा, डोळे लाल. मग गळ्याखाली, जबड्याच्या मागे सूज येते. ती गरम असते, टणक असते, हात लावला तर जनावर मान झटकतं. सूज बाहेर दिसते तेवढीच आतही असते आणि ती त्या चौफुलीला आवळत जाते. श्वासाला घरघर लागते, जीभ बाहेर येते, जनावर मान लांब करून तोंडाने श्वास ओढतं. पुष्कळदा एका दिवसात सगळं संपतं. म्हशीला तर हा रोग गाईपेक्षा जास्त झोंबतो आणि कधीकधी सूज नजरेस पडण्याआधीच ती गेलेली असते. पूर्णाकाठची आपली भुरी पूर्णाथडी म्हैस काटक खरी, पण घटसर्पापुढे काटकपणा चालत नाही. प्रतिजैविकं काम करतात, पण पहिल्या काही तासांत दिली तर. घरघर लागल्यावर डॉक्टर आला तर बऱ्याचदा त्याच्या हातात काही उरलेलं नसतं.

म्हणून लस. तुरटी घातलेल्या लशीचं संरक्षण साधारण चार ते सहा महिने टिकतं, तेलातल्या लशीचं वर्षभराच्या आसपास. पुण्याला औंध इथल्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत राज्य सरकारच अशा लशी तयार करतं आणि त्या तुमच्या गावच्या किंवा शेजारच्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात येतात. घटसर्प आणि फऱ्या या दोन्हींची मिळून एक लसही असते. तुमच्या दवाखान्यात कोणती आली आहे, पुन्हा केव्हा टोचायची, हे तिथेच विचारा आणि जनावराच्या कानातल्या १२ अंकी बिल्ल्यावर त्याची नोंद झाली का, तेही बघा.

लस नको म्हणणाऱ्यांची कारणं मला तोंडपाठ झाली आहेत. "लस टोचली का म्हैस आटते." आटत नाही. एखाद-दोन दिवस दूध थोडं कमी येतं आणि पुन्हा पूर्वीवर येतं. "टोचल्या जागी गाठ येते." येते, विशेषतः तेलातल्या लशीने, आणि काही दिवसांत बसते. "गाभण आहे, पडलं तर?" गाभण आहे हे टोचणाऱ्याला आधी सांगा. किती महिन्यांची आहे ते पाहून तो ठरवेल, हे ठरवणं त्याचं काम आहे. "मागच्या साली टोचली होती." मागच्या सालची लस तुरटीची असेल तर तिचा जोर दिवाळीपर्यंतच संपला. एक कारण मात्र खरं आहे. जनावराला त्या दिवशी ताप असेल, ते आजारी असेल, तर लस पुढे ढकला आणि आधी इलाज करा.

काही जणांचं म्हणणं निराळंच असतं. "आमच्या गावात पंधरा सालात घटसर्प आला नाही." बरं झालं. पण त्या पंधरा वर्षांत तुमच्या गावात दर वर्षी कुणी ना कुणी लस टोचून घेत होतं, त्याचाही त्यात वाटा आहे.

आता नळीबद्दल, आणि इथे जरा सविस्तर बोलतो, कारण घटसर्प निदान पावसाळ्यात येतो, नळी बारा महिने चालते.

पाहिलेली गोष्ट सांगतो. एका गोठ्यात बैलाचं पोट फुगलेलं. दोघांनी शिंगं धरून तोंड आभाळाकडे केलं. तिसऱ्याने जीभ बाजूला ओढून हातात घट्ट धरली, कारण जीभ मध्ये आली तर औषध सांडतं. चौथ्याने काचेच्या बाटलीत गोडेतेल, हळद आणि काढा भरून बाटलीचं तोंड गालातून आत घातलं आणि एका दमात उलटी केली. बैल खोकला, अंग झाडलं, नाकातून पिवळे थेंब आले. "ठसका लागला, होऊ दे, गेलं पोटात," असं म्हणत दुसरी बाटली भरली गेली. पोट त्या रात्री उतरलं आणि सगळ्यांना वाटलं इलाज लागू पडला. तिसऱ्या दिवशी बैलाला ताप, नाकाला तपकिरी शेंबूड आणि श्वासाला असा कुजका वास की समोर उभं राहवेना. पाचव्या दिवशी तो गेला. शवविच्छेदनात छाती उघडली तेव्हा उजव्या फुफ्फुसाचा पुढचा खंड काळा-हिरवा पडून लिबलिबीत झाला होता आणि श्वासनलिकेच्या अस्तरावर तेलाचा पिवळा थर हाताला लागत होता. बाकीचं फुफ्फुस बघायला चांगलंच होतं. पोटफुगीने तो बैल मेला नव्हता.

तोंड वर केलं की जीभ मागे नीट रेटता येत नाही. जीभ ओढून धरली की गिळताच येत नाही. झाकण बंद होत नाही, आणि ओतणारा हात थांबत नाही. मग औषध श्वासनलिकेत उतरतं आणि त्या पहिल्या उजव्या फाट्याने पुढच्या खंडात जाऊन बसतं. पाणी गेलं तर जनावर जोरात खोकतं, तेवढा तरी इशारा मिळतो. तेलाचं तसं नाही. ते इतकं सौम्य असतं की घशाला पुरता पत्ताच लागत नाही, आणि म्हणून ते जास्त वाईट. मग ताकातले, काढ्यातले, शेणाच्या हातातले जंतू तो खंड कुजवायला लागतात. त्यातून होणाऱ्या न्यूमोनियावर महागातली औषधं देऊनही जनावर हाती लागेलच असं नाही.

काही वेळा तर नळी कधीच लावू नका. खाली बसलेलं, मान टाकलेलं जनावर असेल. व्यायल्यावर गार पडलेली, कान थंड झालेली गाय असेल. तिला कॅल्शियम कमी पडलेलं असतं, तिचे घशाचे स्नायूच ढिले असतात आणि तुपाचा, गुळाचा घोट तिला मारू शकतो. धाप लागलेलं जनावर असेल. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, गळ्याखाली सूज असलेलं जनावर असेल, म्हणजे घटसर्पाची शंका असेल तेव्हा. त्या घशात पाण्याचा थेंब जायला जागा नसते आणि आपण बाटली उलटी करतो. त्या सुजेवर तापलेल्या लोखंडाने डाग देणं हेही तितकंच व्यर्थ. त्याने जंतू मरत नाही, जनावराला वेदना होतात आणि डॉक्टरला बोलवायचा वेळ जातो.

डॉक्टरने पाजायला सांगितलेलं औषध असेल तर त्याची रीत आहे. जनावर उभं हवं. तोंड डोळ्याच्या रेषेपेक्षा वर न्यायचं नाही. जीभ अजिबात धरायची नाही. गालाच्या फटीतून थोडं थोडं घालायचं आणि दर वेळी गिळलेलं डोळ्यांनी बघून मगच पुढचं. खोकलं की त्याच क्षणी डोकं सोडून द्यायचं, त्याला खाली मान घालून खोकू द्यायचं. जमत असेल तर औषध आंबोणात, पिठाच्या गोळ्यात, गुळात मिसळून खायला द्या, पाजूच नका. फुगलेल्या पोटासाठी डॉक्टर येईपर्यंत जनावराला पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करा, तोंडात आडवी काठी लगामासारखी बांधा म्हणजे ते चघळत राहील, लाळ सुटेल, ढेकर निघेल, आणि जमलं तर हळूहळू चालवा. पोट फुगलं असेल तर डावी कूस वर येते. उशीर करू नका, कारण ते पोट श्वासच दाबत असतं. तेल द्यायचं ठरलं तर डॉक्टर पोटापर्यंत रबरी नळी घालून देईल. ती नळी घशातून नीट अन्ननलिकेत गेली का हे त्याला ओळखता येतं.

श्वास मोजायला शिका. त्याला पैसा लागत नाही. सकाळी, उन्हं चढायच्या आत, जनावर निवांत असताना त्याच्या मागे थोडं अंतर ठेवून बाजूला उभे राहा आणि कुशीकडे बघा. कूस एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या गाई-म्हशीत साधारण १५ ते ३०, शेळी-मेंढीतही तेवढेच, लहान वासरात त्याहून जास्त. घोडी किंवा तट्टू असेल तर ८ ते १६ पुरे. उन्हात हे आकडे वाढतात, ते स्वाभाविक आहे. कुत्र्यासारखं जीभ काढून धापणं त्याच्या अंगाला परवडतं, म्हशीच्या नाही. तिच्या काळ्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी आहेत, म्हणून घाटाखाली पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा तिला डबकं नाही तर निदान अंगावर पाणी मिळायला हवं. पण सावलीत, सकाळच्या गारव्यात ४० च्या वर श्वास जात असतील, कोपरं बाहेर काढून, मान लांब करून जनावर उभं असेल, किंवा गाय तोंड उघडून श्वास घेत असेल, तर दुपारची वाट बघू नका. तोंडाने श्वास घेणारी गाय फार पुढे गेलेली असते. लाळ्या-खुरकूत होऊन गेलेली संकरित गाय पुढे वर्ष-वर्ष उन्हात धापत राहते हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्या रोगाची लसही वर्षातून दोनदा आहे, तीही चुकवू नका.

रोग आधी आणि लस मागून, हे आपल्या जिल्ह्याला नवं नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यात लम्पी निघाला आणि बघता बघता तो आपल्याकडे पोहोचला. बुलढाणा तेव्हा राज्यात सर्वाधिक फटका बसलेल्या जिल्ह्यांत होता. अंगावरच्या गाठी सगळ्यांनी पाहिल्या. पण अनेक जनावरं गेली ती श्वासनलिकेत आणि फुफ्फुसात उठलेल्या गाठींनी, ज्या बाहेरून दिसत नव्हत्या. त्या वेळी लशीसाठी लागलेल्या रांगा आठवा. रोग आल्यावर लागलेल्या रांगा होत्या त्या.

उलटंही घडलेलं आहे आणि तेही आपल्याच देशात. बैलांचा सांसर्गिक फुफ्फुसदाह एकेकाळी इथे होता, २००७ मध्ये भारत त्यातून मुक्त झाल्याचं जागतिक पशुआरोग्य संघटनेने मान्य केलं. ज्या बुळकांडीने गावंच्या गावं ढोरांवाचून ओस पडत, ती तर २०११ मध्ये साऱ्या जगातूनच संपली. लशीमागे लस, गावामागे गाव, असं ते काम झालं. शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा बुळकांडीचाच नातलग. त्यात ताप, नाका-डोळ्यांना चिकट पाणी, तोंडात फोड, जुलाब आणि शेवटी न्यूमोनिया होतो. त्याची एक लस कमीत कमी तीन वर्षं पुरते. दारातली शेळी हीच ज्यांची बँक, त्यांनी हे एकदा टोचून घेतलं की मोठी काळजी मिटते. उन्हाळ्यात जिल्ह्यातून जाणारे मेंढपाळ आणि काठेवाडी गुराखी यांना परके मानू नका. त्यांची जनावरं तुमच्याच हौदावर पाणी पितात. त्यांनाही लशीच्या दिवशी बोलवा.

पेरणीआधी बैलजोडी घ्यायला तुम्ही बाजार करणार. बाजारातून आणलेला बैल त्याच दिवशी जुन्या जनावरांच्या गव्हाणीला बांधू नका. निदान दोन-तीन आठवडे वेगळा बांधा, पाणी वेगळं द्या, लगेच नांगराला जुंपू नका. लस झाली आहे का ते विकणाऱ्याला विचारा आणि बिल्ल्याचा नंबर दवाखान्यात तपासून घ्या.

गोठ्याबद्दल थोडक्यात. पहिल्या पावसाला जनावर भिजू नये म्हणून चारही बाजूंनी ताडपत्री बांधायची सवय आहे. छप्पर नीट करा, वाऱ्याची बाजू अडवा, पण वरची फट उघडी ठेवा. बंद गोठ्यात मुताचा झोंबरा वास कोंडतो, आणि वासरं खाली नाक टेकून बसतात तिथेच तो सर्वांत उग्र असतो. डासांसाठी रात्रभर धुरी करता, ती दाराबाहेर करा. धूर त्या श्वासनलिकेतल्या सूक्ष्म केसांना लुळं पाडतो. ओलं होऊन बुरशी धरलेलं सोयाबीनचं कुटार फेकून द्या. कोरडं कुटार धुळीचं असेल तर गव्हाणीत टाकायच्या आधी त्यावर पाणी शिंपडा.

सरपंच, ग्रामसेवक, दूध संकलन केंद्र चालवणारे आणि मोबाइलवरचा गावाचा ग्रुप सांभाळणारे तरुण, तुमच्याकडेही एक मागणं आहे. दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्याशी आज बोला, गावासाठी तारीख ठरवा आणि दवंडी द्या. लशीला २ ते ८ अंश सेल्सिअसचा गारवा लागतो, ती बर्फाच्या डब्यातून येते. दुपारच्या उन्हात चाळीस घरांच्या दारोदार डबा फिरवला तर लशीचं नुकसान आणि टोचणाऱ्याचंही. जनावरं सकाळी सातच्या आत एका जागी, झाडाच्या सावलीला, एकेक दावणीने बांधून तयार ठेवा. धरायला माणसं द्या. अवखळ गोऱ्ह्याला वेसण घाला. रोगाने जनावर गेलंच तर ते नाल्यात, नदीकाठाला टाकू नका, कातडं काढायला देऊ नका. खोल खड्डा करून चुन्यासकट पुरा आणि त्याची गव्हाण धुऊन काढा.

जनावर आजारी पडलं तर १९६२ हा टोल फ्री क्रमांक लावा, फिरतं पशुवैद्यकीय पथक त्यावर मिळतं. फोन करताना हे हाताशी ठेवा: जनावराचं वय, गाभण आहे का, ताप केव्हापासून, मिनिटाला श्वास किती, गळ्याखाली सूज आहे का, आणि आतापर्यंत तोंडावाटे काही पाजलं आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं द्या. तेल पाजलं असेल तर तेल पाजलं म्हणून सांगा, कारण त्यावर पुढचा इलाज ठरतो. तोवर जनावराला सावलीत, मोकळ्या हवेत, डोकं खाली करता येईल इतक्या सैल दाव्याने बांधा, समोर पाणी ठेवा आणि स्वतःहून पिऊ द्या.